निधी नाही, तर नगरसेवक कशाला?

"अपक्षाला मत म्हणजे मत वाया. त्याला निधी कोण देणार?"

पुण्यात महापालिकेचा विषय निघाला की हे वाक्य कानावर येतंच. मंडईत येतं, सोसायटीच्या सभेत येतं, सकाळी टेकडीवरही येतं. पाणी, कचरा, पदपथ असे आपल्या भागातले प्रश्न घेऊन एखाद्या शिक्षिकेने उभं राहायचं ठरवलं, की तिच्यापुढे पहिली हीच भिंत उभी राहते. बाई चांगल्या आहेत, पण सत्तेत नसणार, म्हणजे निधी नाही आणि म्हणून काम नाही. सांगणाऱ्याला हे व्यवहारज्ञान वाटतं. मला वाटतं, आपल्या शहरांचं सर्वात जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे.

आधी निधीचं बघू. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांसाठी रक्कम ठेवतात. पुण्यात तिला 'स' यादी म्हणतात. ही वाटणी म्हणजे अंदाजपत्रकातली प्रथा आहे आणि पैसा तुम्ही-आम्ही भरलेल्या कराचा आहे. तरीही चौकातल्या बाकावर 'अमुक यांच्या निधीतून' असं रंगवलेलं असतं आणि आपण ते वाचून उपकृत होतो. त्या बाकावर खरं तर करदात्याचं नाव हवं.

सत्ताधाऱ्यांच्या प्रभागांना झुकतं माप मिळतं, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढचा निष्कर्ष चुकतो. नगरसेवकाची ताकद 'स' यादीत आहे असं मानलं, तरच निधीअभावी तो निरुपयोगी ठरेल. ती ताकद दुसरीकडेच आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ उघडून पाहा. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांना आहेत. रस्ता बांधणं, नळ जोडणं, कचरा उचलणं ही प्रशासनाची कामं आहेत. ती नगरसेवक 'करून देतो' ही भाषाच चुकीची आहे. नगरसेवक ज्या सर्वसाधारण सभेचा सभासद असतो, ती सभा संपूर्ण शहराचं अंदाजपत्रक मंजूर करते, दरवर्षी २० फेब्रुवारीपूर्वी पुढच्या वर्षाचे करांचे दर ठरवते आणि विकास आराखड्यातल्या बदलांच्या प्रस्तावांवर निर्णय घेते. मोठे ठेके सोळा जणांच्या स्थायी समितीपुढे येतात. एका कामासाठी ठेवलेली रक्कम ऐनवेळी दुसऱ्या कामाकडे वळवायची असेल, तर 'वर्गीकरणा'चा प्रस्ताव आणून मंजुरी घ्यावी लागते.

आता बघा, सभेत लेखी प्रश्न विचारायला निधी लागतो का? विषयपत्रिका आधी वाचून उपसूचना द्यायला लागतो का? पदपथाचे पैसे वर्गीकरणातून कुठे गेले, हे उभं राहून विचारायला सत्ता लागते का? अभ्यास लागतो, चिकाटी लागते, आणि हरणाऱ्या बाजूने मत नोंदवायची तयारी लागते. हे सगळं त्या शिक्षिकेकडे असू शकतं.

यावर कोणी म्हणेल, पुस्तकातल्या गोष्टी सांगू नका. मग अनुभवाची गोष्ट सांगतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासकांची होती. स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोघींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. निधी होता, ठेके निघत होते, कामंही चालू होती. नव्हती ती जाब विचारणारी सभा.

याच काळात, २०२५ च्या जानेवारीत, सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. याच परिसरातली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. ग्रामपंचायत गेली होती आणि नगरसेवक आलाच नव्हता. नगरसेवक असता तर साथ टळलीच असती, असा दावा मी करणार नाही. पण आमच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून का जात नाही, हा प्रश्न सभागृहात मांडणारं त्या गावांचं कोणीच नव्हतं. निधीवाचून काय अडतं ते आपल्याला पाठ आहे. प्रतिनिधीवाचून काय अडतं ते इथे दिसलं.

स्थानिक प्रश्नांवर निवडून येणं अशक्य आहे, हेही खरं नाही. मुंबईत २००७ मध्ये जुहूच्या नागरिकांनी आपला उमेदवार म्हणून अॅडॉल्फ डिसूझा यांना उभं केलं आणि ते अपक्ष निवडून आले. अशी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. आणि सभागृहात एकट्याचा आवाज काय कामाचा, असं वाटत असेल तर महात्मा फुले आठवावेत. १८७६ पासून ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते, सरकारने नेमलेले. तरीही १८८० मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांना त्यांनी लेखी विरोध नोंदवला. त्यांच्याकडे कुठलाही निधी नव्हता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'ज्या प्रभागात उभं राहायचं तिथलंच मतदार असावं लागतं.' नाही. शहरातल्या कोणत्याही प्रभागाच्या यादीत नाव असलं तरी चालतं. सूचक-अनुमोदक मात्र त्या प्रभागातले हवेत.

'वय २५ लागतं.' ते विधानसभा आणि लोकसभेसाठी. इथे २१ पुरे.

'अनामत रक्कमच परवडत नाही.' महापालिकेसाठी ती ५,००० रुपये आहे, राखीव प्रवर्गासाठी २,५००.

'दोनहून जास्त मुलं असतील तर बाद.' १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तरच.

'चार जागांच्या प्रभागात एकाच पक्षाच्या चौघांना मत द्यावं लागतं.' साफ खोटं. प्रत्येक जागेचं मत स्वतंत्र असतं. तीन जागांवर पक्षांचे उमेदवार निवडून चौथीवर अपक्ष निवडता येतो.

'महापौर शहर चालवतो.' महापौर सभा चालवतो. प्रशासन आयुक्त चालवतात.

पुन्हा त्या शिक्षिकेकडे येऊ. त्या दारात आल्या, तर "निधी कुठून आणणार?" असं विचारून त्यांना परत पाठवू नका. पहिल्या सभेत कोणता प्रश्न विचारणार ते विचारा. गेल्या अंदाजपत्रकात आपल्या भागाच्या पाण्यासाठी किती तरतूद होती आणि त्यातली खर्च किती झाली, हेही विचारा. हेच दोन प्रश्न सत्ताधारी पक्षाच्या उमेदवारालाही विचारा. ज्याच्याकडे उत्तर असेल, आपलं मत त्याचं.