जुनी गाडी ॲव्हरेज का देत नाही?

जुनी मोटार पेट्रोल जास्त पिऊ लागली की दोष वयाला दिला जातो. वयाचा वाटा असतोच; पण पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या गाडीत कारखान्यातून आले तसे किती उरले आहे हे पाहिले, की दुसरे कारण समोर येते. एका मालकाने मॅग व्हील बसवली, दुसऱ्याने गॅस किट लावले, एका उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. प्रत्येक बदल त्या वेळी सोयीचा होता. त्या सगळ्यांची बेरीज मात्र कोणी केली नाही, आणि ती पेट्रोल पंपावर मोजावी लागते. म्हणून तपासाची सुरुवात पान्याने न करता वहीने करावी: गाडीत मूळचे काय बदलले, कधी बदलले आणि कशासाठी.

उदाहरणासाठी कार्बोरेटरची मारुती ८०० घेणे सोयीचे. १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षे ही गाडी बनत राहिली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, जुन्या गाड्यांना चार गिअर. गावोगावच्या मिस्त्रींना तिची नस सापडलेली, त्यामुळे तिच्यात फेरफारही भरपूर झाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात, राजूरसारख्या गावी, अशा गाडीची परीक्षा जरा जास्तच कठीण होते. कोळशाच्या खाणी आणि चुनाभट्ट्या यांचे हे गाव; काळी धूळही इथलीच आणि पांढरीही. रोजची खेप बहुधा वणीपर्यंतची, म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत प्रवास संपतो. वर मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणारा विदर्भाचा उन्हाळा.

पहिला प्रश्न असा, की ॲव्हरेज खरेच पडले आहे का? काट्यावरून काढलेला अंदाज उपयोगाचा नाही. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किमान ३०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी, त्याच पंपावर तशीच पुन्हा भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. असे सलग तीनदा केले की भरवशाचा आकडा मिळतो.

इथेच फेरफार केलेल्या गाडीचा एक मोठा घोटाळा उघडा पडतो. मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२ मापाचा. त्याचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. १३ इंची मॅग व्हीलवर १५५/७० चे टायर चढवले की व्यास ५४७ मिलिमीटर होतो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे पावणेआठ टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर चाकाचे फेरेच मोजत असल्यामुळे त्याला ते कळत नाही. मीटर ३०० किलोमीटर दाखवते तेव्हा गाडी ३२३ किलोमीटर धावलेली असते. २० लिटर पेट्रोल लागले असेल, तर कागदावर ॲव्हरेज १५ येते आणि प्रत्यक्षात ते १६ च्या वर असते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाइलच्या जीपीएसशी मीटर दहा किलोमीटर ताडून पाहिले की ही चूक हाती लागते. अर्थात मोठी चाके निर्दोष ठरतात असे नाही. ती जड असतात, आणि चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर लांब पडतो. एवढ्याशा इंजिनाला सुटताना जास्त रेस द्यावी लागते, चौथ्यात चालणारी गाडी तिसऱ्यात आणावी लागते. मोजमापातली चूक दुरुस्त करूनही जी घट उरते, तिचा काही भाग इथला असतो.

त्यानंतर गाडी मोकळी चालते का ते पाहावे. सपाट रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, ४० च्या वेगाला न्यूट्रल करून गाडी किती अंतर जाते ते पाहावे; तीच कसोटी उलट दिशेनेही करावी, म्हणजे चढ-वारा यांचा हिशेब मिटतो. गाडी लवकर थांबत असेल तर आधी टायरमधली हवा, मग ब्रेक. फारसे ब्रेक न लावता चार-पाच किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात नेला, तर जाम झालेले चाक गरम लागते. चुन्याची धूळ पावसात ओली होऊन सुकली की कडक बसते, आणि पुढच्या कॅलिपरच्या पिना किंवा हँडब्रेकची केबल अडकायला तेवढे पुरते. अलाइनमेंट बिघडली असेल तर टायरची एक कड जास्त झिजलेली दिसते. हे सगळे स्वस्तातले काम आहे. कार्बोरेटर उघडण्यापूर्वी ते व्हायला हवे, पण बहुधा उलटेच होते.

विदर्भातल्या जुन्या गाड्यांत सर्वात दुर्लक्षित कारण थर्मोस्टॅटचे असते. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे तापेपर्यंत हा छोटा व्हॉल्व्ह रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणून इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. उन्हाळ्यात गाडी उकळली की तो काढायचा आणि रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करायचा, हा सर्रास चालणारा इलाज. त्याने गाडी तापायची काही दिवस थांबते, पण पुढे वर्षभर इंजिन थंडच राहते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ऑइल घट्ट राहते, चालक चोक लवकर आत ढकलत नाही. राजूर-वणीसारख्या छोट्या खेपेत तर गाडी जवळजवळ सगळा वेळ याच अवस्थेत असते. अखंड फिरणाऱ्या पंख्याची वीजही अल्टरनेटरमार्फत इंजिनातूनच येते. तपास सोपा आहे: थंड गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटे गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. तो सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकला आहे. गाडी मुळात का तापत होती, याचे उत्तर बहुतेकदा रेडिएटरमध्ये असते. चुनखडीच्या पट्ट्यातले बोअरचे पाणी जड. कुलंटऐवजी तेच वर्षानुवर्षे भरले की नळ्यांत क्षार साचतो. रेडिएटर साफ करून, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच परत बसवून, कुलंट भरणे हाच खरा इलाज.

यानंतर हवा आणि पेट्रोल. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि पेट्रोल त्या मानाने जास्त ओढले जाते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजवर तुंबलेल्या फिल्टरचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. कॉम्प्युटर पेट्रोल आपोआप कमी करतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फरक पडतो. कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिस पुस्तिकेतल्या मुदतीच्या कितीतरी आधी पाहावा. शोभेसाठी बसवलेला उघडा, जाळीचा फिल्टर इथे चुकीचा आहे. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि हलक्या दर्जाचा असेल तर बारीक धूळही आत सोडतो. ती धूळ रिंगा झिजवते, आणि ते नुकसान ट्यूनिंगने भरून येत नाही.

कार्बोरेटरमध्ये चोकची पट्टी पूर्ण उघडते का, फ्लोटची सुई झिजून पातळी वर गेली आहे का आणि पिकअपसाठी कोणी मोठा जेट घातला आहे का, एवढे पाहिले की पुष्कळ दोष सापडतात. प्लग काढून पाहिला तर इंजिन आपली हकीकत स्वतःच सांगते. फिकट तपकिरी रंग ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला प्लग म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले.

ठिणगीची वेळ चुकली तर मिश्रण बरोबर असूनही पेट्रोल वाया जाते. पॉइंट असलेल्या गाडीत पॉइंट झिजून गॅप कमी झाला की टायमिंग मागे सरकते. डिस्ट्रिब्युटरला कार्बोरेटरकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळीही आवर्जून पाहावी. पाय हलका ठेवून चालताना ठिणगी लवकर पाडण्याचे काम या नळीचे, आणि ॲव्हरेज मिळते ते याच चालीत. फेरफारांच्या गडबडीत ती निघालेली, चिरलेली किंवा स्क्रू घालून बंद केलेली आढळते. नळी तोंडाने ओढून धरली आणि ओढ टिकली नाही, तर आतला पडदा फाटलेला आहे.

गॅस किट असेल तर वेगळा तपास हवा. गॅसवर चालताना पेट्रोलचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गळत असेल, तर दोन्ही इंधने एकदम जळतात आणि दोन्हींचे ॲव्हरेज कमी येते. गॅस मिसळणारे कडे हवेची वाट अरुंद करते, त्यामुळे पेट्रोलवरही गाडी जड वाटते. सीएनजीसाठी टायमिंग पुढे घेतलेले असते, ते पेट्रोलला मानवत नाही. टाकीचे वजन म्हणजे कायमचा एक प्रवासी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ठरलेल्या अटींवर असे किट लावता येते. त्याची नोंद आरसी बुकात असावी लागते. एमएच २९ ची गाडी असेल तर हे काम यवतमाळच्या आरटीओकडे.

काही घट गाडीत नसून पेट्रोलमध्ये असते. आता पंपांवर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. पूर्वी १६ देणारी गाडी १५ देऊ लागली, तर त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नाही. जुने रबर मात्र तपासायलाच हवे. इथेनॉलने नळ्या आणि वॉशर कडक होऊन चिरतात, आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकलेले पेट्रोल वाफ होऊन जाते. डाग राहत नाही, फक्त वास येतो. असा वास आला की ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून नळी आधी बदलावी, कारण तो आगीचा धोका आहे.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि प्रत्येकीनंतर टाकी पुन्हा मोजावी. पाच कामे एकदम केली तर कोणत्या कामाने फरक पडला ते कळत नाही. सगळे करूनही आकडा वर आला नाही, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ हवेत. एखादा बराच खाली असेल आणि त्यात थोडे ऑइल टाकल्यावर वर आला तर रिंगा गेल्या आहेत. तरीही वर आला नाही तर व्हॉल्व्ह. मग इंजिन काम करून घ्यायचे की आहे त्या ॲव्हरेजवर गाडी चालवायची, हे ती वर्षाला किती किलोमीटर चालते यावर ठरते.