प्रदेशाचा वनस्पतिग्रंथ कसा वाचावा

एखाद्या प्रदेशात कोणत्या वनस्पती वाढतात, त्या नेमक्या कोठे आढळतात, केव्हा फुलतात आणि तेथील लोक त्यांना कोणत्या नावांनी ओळखतात, यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या ग्रंथास प्रादेशिक वनस्पतिग्रंथ असे म्हणतात. अशा ग्रंथाचे पहिले पान उघडताच सामान्य वाचक बहुधा निराश होतो. लॅटिन नावे, पानांची मापे आणि स्थळांच्या याद्या यांखेरीज त्यात दुसरे काही नाही, असे त्यास वाटते. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) महिनोमहिन्यांचा निसर्ग जसा रसिकाच्या दृष्टीस पडतो, तसा तो येथे पडत नाही. परंतु स्थळ आणि काळ यांची ही कोरडी नोंद हेच या ग्रंथाचे खरे धन होय. ते कसे, हे देवनहळ्ळीच्या उदाहरणावरून पाहू.

देवनहळ्ळी हे गाव बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. टिपू सुलतानाचे हे जन्मस्थान. तांबडी माती, पावसाचे पाणी अडविणारे तलाव, नाचणीची शेते आणि उत्तरेस नंदीचा डोंगर, असे या भागाचे जुने रूप. येथील चकोता, म्हणजे आपले पपनस, विशेष प्रसिद्ध असून त्यास भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. २००८ साली बंगळूरचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ येथे सुरू झाला आणि तेव्हापासून या परिसराचे रूप वेगाने पालटत गेले. पूर्वी येथे काय होते, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ कुतूहलाचा राहत नाही. त्याचे उत्तर स्मरणावर सोपविता येत नाही, कारण स्मरण माणसाबरोबर जाते. ते नोंदींतच शोधावे लागते.

या पठाराच्या जुन्या नोंदींपैकी एक फ्रान्सिस बुकॅनन या वैद्याची आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या आज्ञेवरून बुकॅनन १८०० साली मद्रासहून निघाला. म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रदेशांतून केलेल्या या प्रवासाचा त्याचा वृत्तांत १८०७ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मातीचे प्रकार, पिके, तलावांचे पाणी, शेतीची पद्धती आणि उद्योगधंदे यांची माहिती त्याने दिवसवार टिपली. मात्र कंपनी सरकारास नव्याने हाती आलेल्या मुलखाची उपयुक्त माहिती हवी होती, हे वाचकाने विसरू नये. लेखकास जे पाहावयास पाठविले, ते त्याने अधिक बारकाईने पाहिले. कोणताही निसर्गग्रंथ वाचताना तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला, हे प्रथम विचारावे.

शास्त्रीय वनस्पतिग्रंथाची पद्धती याहून वेगळी असते. संशोधक वनस्पतीची पानाफुलांसह डहाळी तोडतो, कागदांच्या घड्यांत दाबून वाळवितो आणि जाड कागदावर चिकटवितो. त्याच कागदावर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव लिहिलेले असते. ग्रंथातील विधानाबद्दल पुढे कोणास शंका आली, तर हा नमुना साक्षीदारासारखा पुन्हा तपासता येतो. बंगळूर जिल्ह्यापुरता असा ग्रंथ एस. व्ही. रामस्वामी आणि बी. ए. रझी यांनी सिद्ध केला. तो १९७३ साली म्हैसूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्या वेळी देवनहळ्ळी तालुका बंगळूर जिल्ह्यातच होता. १९८६ साली जिल्ह्याचे विभाजन झाले. महाराष्ट्रातील अभ्यासकांस परिचित असलेला थिओडोर कुक यांचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) तत्कालीन मुंबई इलाख्याचा असल्यामुळे त्यात आज कर्नाटकात असलेले धारवाड आणि बेळगावही येतात. ग्रंथाच्या सीमा राज्यकारभार आखून देतो. वनस्पती त्या पाळीत नाहीत. म्हणून ग्रंथाच्या नावातील प्रदेश आजच्या नकाशावर ताडून पाहणे अगत्याचे असते.

या ग्रंथातील ओळख पटविण्याची रीत प्रश्नोत्तरांची असते. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय दिलेले असतात आणि त्यांतील लागू पडणारा पर्याय घेत वाचक पुढे जातो. चिंच आणि विलायती चिंच ही दोन झाडे घेऊ. चिंचेच्या देठाच्या दोन्ही बाजूंस लहान पर्णिकांच्या अनेक जोड्या थेट लागतात. विलायती चिंचेचा देठ मात्र आधी दोन शाखांत विभागतो आणि प्रत्येक शाखेवर केवळ दोनच पर्णिका असतात. नावाचे साम्य येथे फसवे ठरते, कारण ही दोन भिन्न झाडे आहेत. विलायती चिंच अमेरिका खंडातून आली. आपल्या परिचयाच्या चिंचेचेही मूळ स्थान उष्ण कटिबंधातील आफ्रिका मानले जाते, आणि तरीही तिचे जगभर रूढ झालेले नाव 'भारतीय खजूर' या अर्थाच्या अरबी शब्दांवरून आले आहे. कन्नडमध्ये तिला हुणसे म्हणतात. बोलीतील नावे भाषेगणिक बदलतात आणि शास्त्रीय नाव त्यांना जोडते. म्हणूनच चांगला ग्रंथ दोन्ही नावे देतो.

देवनहळ्ळी तालुक्यातच नल्लूर येथे सुमारे चोपन्न एकरांत चिंचेचे एक पुरातन वन आहे. त्यातील कित्येक वृक्ष शतकांपूर्वीचे मानले जातात. २००७ साली हे वन देशातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशी स्थळे घोषित करण्याची तरतूद केली आहे. या भागातील गावांलगत आंबा, चिंच, जांभूळ यांच्या सामाईक राया असत. त्यांना गुंडुतोपु म्हणतात. आपल्याकडील आमराई त्यांची आठवण करून देते. नल्लूरच्या वनास नाव, सीमा आणि कायद्याचा आधार मिळाला. ज्या राईची कोठेच नोंद नाही, तिच्या जागी उद्या रस्ता झाला, तर काय गेले हे सांगण्याचे साधनही उरत नाही. ग्रंथ स्वतः झाड वाचवीत नाही. पण काय वाचवावयाचे आहे, हे तो निश्चित करतो.

यावरून अशा ग्रंथाचा उपयोग कसा करावा, हे ध्यानात येईल. ग्रंथालयात आपल्या जिल्ह्याचा किंवा जवळच्या प्रदेशाचा वनस्पतिग्रंथ मागवावा आणि त्यात नोंदलेली दहा झाडे आपल्या गावात शोधावीत. झाडाचे नाव, स्थळ, दिनांक आणि फुलोऱ्याचा काळ वहीत लिहावा. जे झाड सापडले नाही, त्याचीही नोंद करावी. मात्र एकदा न सापडणे म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे. शाळेतील विद्यार्थ्यांनी हे काम प्रतिवर्षी त्याच ठिकाणी केले, तर दहा वर्षांत त्या गावाजवळ इतरत्र कोठेही न मिळणारी माहिती जमेल. मोठे वनस्पतिग्रंथही अशाच लहान, तारीखवार नोंदींतून उभे राहिले आहेत.