अब्बांचे फडके आणि बोनेटवरचे जाळे

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळची गोष्ट. मगरिबनंतर मी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा गाडीतून काढत होते. गल्लीतल्या नव्या एलईडी दिव्याचा उजेड नेमका आमच्या बोनेटवर पडला होता. पाहते तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचे जाळे पसरलेले, जणू कोळ्याने रात्रभर बसून विणले असावे. अब्बांना हाक मारली. त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि "धूळ असेल बेटा," म्हणत दोनदा गोल हात फिरवला. जाळे जागच्या जागीच होते.

ही गाडी आमच्या घरातली पहिली चारचाकी. अब्बांची आयुष्यभराची नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. त्यांना तपासणीसाठी परभणीहून नांदेडला वरचेवर न्यावे लागते, म्हणून चार वर्षांपूर्वी कर्ज काढून ही काळ्या रंगाची जुनी गाडी घेतली. तेव्हापासून फजरच्या नमाजनंतर अब्बा रोज तिला कोरड्या फडक्याने पुसतात. एक दिवस खाडा नाही. मग इतकी जपलेली गाडी अशी का दिसावी?

जाळे येते कुठून?

दुसऱ्या दिवशी माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर तो डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये लागला आणि आज त्या कामात चांगला तयार झाला आहे. त्याने मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरला आणि अब्बांकडे न पाहता हळूच म्हणाला, "मॅडम, हे कोरडं फडकं मारून झालंय."

त्याने जे समजावले ते प्रत्येक गाडीवाल्या घराने समजून घ्यावे असे आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात वरचा क्लिअर कोट फक्त ३५ ते ५० मायक्रॉनचा. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन आणि आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे गाडीची सगळी चमक ज्या थरावर अवलंबून आहे, तो केसापेक्षाही पातळ आहे.

आता आपल्याकडची धूळ पाहा. उन्हाळ्यात काळ्या मातीची भुकटी उडते, त्यात रस्त्याच्या कामाची खडी आणि गोदावरीच्या वाळूचे कण मिसळलेले. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या १ ते १० च्या मोज पट्टीवर त्याचा क्रमांक ७. खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. जे काचेवर चरा पाडते ते रंगावर काय करील? कोरड्या फडक्याखाली हे कण अडकतात आणि फडके जिकडे फिरेल तिकडे रेघ ओढतात. रोज दोन-चार रेघा पडल्या तरी चार वर्षांत हजारो होतात.

रेघा खरे तर सगळ्या दिशांना असतात. पण दिव्याचा उजेड ज्या रेघांवर आडवा पडतो त्याच चमकतात, म्हणून आपल्याला दिव्याभोवती गोल जाळे दिसते. पांढऱ्या गाडीवरही ते असते, फक्त लपून राहते. काळ्या रंगावर सगळे उघडे पडते.

अब्बा हे सगळे ऐकत उभे होते. काही बोलले नाहीत. पुढचे तीन दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. फजरनंतर पेपर घेऊन बसायचे. मला मात्र रेघांपेक्षा त्याचेच वाईट वाटत होते.

सैकल आणि कल्हई

जवळच्या एका वॉशिंग सेंटरवाल्याने सांगितले, "मशीनने रबिंग मारून देतो, तासात नवी गाडी." मी जवळजवळ तयार झाले होते. माझ्या विद्यार्थ्याने थांबवले. तो म्हणाला, "मॅडम, रबिंग म्हणजे वरचा थर घासून कमी करणं. ही गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं किती वेळा रबिंग मारलंय, कोणाला माहीत?"

वर्गात शब्द शिकवणारी मी, त्याच्या बोलण्यावरून मला दोन जुने शब्द आठवले. पहिला सैकल. तलवार किंवा धातूचा आरसा घासून चमकवणे म्हणजे सैकल आणि ते काम करणारा सैकलगर. आपल्याकडचे शिकलगार हे नाव त्यावरूनच आले. दुसरा शब्द कल्हई, उर्दूत कलई. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथलाचा पातळ थर चढवणे. सैकल करताना थर निघतो, कल्हई करताना थर चढतो.

गाडीचेही तसेच आहे. कंपाउंड आणि पॉलिश ही सैकल. त्यांत घासणारी बारीक पूड असते. ती रेघेच्या आजूबाजूचा थर झिजवून पृष्ठभाग सपाट करते आणि रेघ दिसेनाशी होते. वॅक्स ही कल्हई. ते वर बसते आणि काही आठवडे रंगाला जपते, पण रेघ काढत नाही. बाजारातली काही स्वस्त पॉलिशे रेघांमध्ये तेल किंवा भर भरून त्या नुसत्या झाकतात. दोन-चार धुण्यांत ती भर निघून जाते आणि उर्दूत म्हणतात तशी कलई खुलते.

कल्हई पुन्हा पुन्हा करता येते. सैकल मात्र मोजूनच करावी लागते, कारण क्लिअर कोट एकदा झिजला की परत येत नाही. तो फार पातळ झाला की ऊन सोसत नाही, रंग फिकट पडतो, पापुद्रे सुटू लागतात. मग पुन्हा पेंटचाच खर्च. मशीनने काम लवकर होते, पण कच्च्या हातात थरही तितक्याच लवकर जातो. हाताने वेळ लागतो, सगळ्या रेघा जात नाहीत, पण चूक झालीच तर लहान होते. आम्ही हाताने करायचे ठरवले.

हाताने पॉलिश करताना

काम सकाळी, सावलीत आणि पत्रा गार असताना करावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी हा उद्योग नको.

१. आधी गाडी नीट धुऊन पूर्ण वाळवा. धुळीवर पॉलिश घासणे म्हणजे नव्या रेघा ओढणे.

२. अलगद नख फिरवून पाहा. ज्या चऱ्यात नख अडकते तो खोल आहे. त्याच्या मागे लागू नका.

३. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि रबर यांवर मास्किंग टेप लावा. तिथे वाळलेले पॉलिश पांढरे डाग सोडते. पत्र्याच्या कडा आणि उंच धारा यांवर जोर देऊ नका, तिथे थर सहज झिजतो. मॅट फिनिशच्या गाडीवर तर पॉलिश करूच नये.

४. सगळ्यात बारीक पॉलिशने सुरुवात करा आणि आधी वीतभर जागेवर करून पाहा. त्याने काम भागले तर कंपाउंडची गरज नाही.

५. स्पंजच्या पॅडवर पॉलिशचे तीन-चार थेंब घ्या. एका वेळी फूट-दीड फूट चौकोन. हात गोल फिरवू नका. आधी उभा, मग आडवा, मध्यम दाबाने पाच-सात मिनिटे चालवा. नंतर स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसा.

६. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तितकेच पाणी घालून ती जागा पुसा आणि टॉर्च धरून पाहा. नुसती झाकलेली रेघ लगेच परत दिसेल.

७. पॅडवर गाडीचा रंग येऊ लागला तर थांबा. तिथे क्लिअर कोट संपलेला असतो किंवा मुळात नसतोच. जाणकाराला दाखवा.

८. शेवटी वॅक्सचा पातळ हात द्या.

चौथ्या दिवशी मी अब्बांना म्हटले, "मला एकटीला जमणार नाही. हात तुमचाच पाहिजे." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग बाह्या वर करून आले. स्टिअरिंग धरलेला तो हात अजून स्थिर आहे. माझा दाब कमी-जास्त व्हायचा, त्यांचा एकसारखा. एकट्या बोनेटला दोन सकाळी लागल्या. आमचे दोघांचे खांदे भरून आले. बारीक जाळे बरेचसे गेले, खोल रेघा राहिल्या. संध्याकाळी दिव्याखाली उभे राहून अब्बा म्हणाले, "माझ्याच हाताने पडल्या, माझ्याच हाताने गेल्या." राहिलेल्या रेघा राहू द्यायच्या, असेही त्यांनीच ठरवले.

धुणे बदलले तरच उपयोग

पॉलिश करून पुन्हा कोरडे फडके मारले, तर महिनाभरात जाळे परत येते. म्हणून आमच्या घरचे नियम बदलले. कोरडी धूळ पुसायची नाही. आठवड्यातून एकदा धुवायचे, तेही पाइप न लावता. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तीन बादल्यांत भागवतो. पहिल्या बादलीतले पाणी मगाने वरून सोडून सुटी धूळ उतरवायची. दुसरीत कार शाम्पू, तिसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून वरून खाली सरळ हात चालवायचा आणि दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालायचा. चाकांसाठी वेगळे फडके. भांड्यांचा साबण वापरायचा नाही, तो वॅक्स काढून टाकतो. शेवटी मगाने पाणी सोडून मऊ कापडाने लगेच टिपून घ्यायचे, कारण बोअरचे जड पाणी उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात. कापड जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय गाडीला लावायचे नाही.

वॉशिंग सेंटरला गाडी दिली तरी एवढे पाहा की आधी पाण्याने धूळ उतरवतात का आणि आधीच्या गाडीचेच फडके आपल्या गाडीला लावतात का. सांगितले तर ऐकतात. त्या मुलांना हे कोणी शिकवलेले नसते, इतकेच.

अब्बांची फजरनंतरची फेरी आजही चुकत नाही. गाडीभोवती एक चक्कर मारतात, टायर पाहतात, रात्री पक्ष्यांनी घाण केली असेल तर तेवढीच जागा ओल्या कापडाने भिजवून अलगद टिपून घेतात, कारण ती घाण राहिली तर रंग खाते. परवा माझा भाचा बोटाने बोनेटच्या धुळीवर आपले नाव लिहायला गेला. अब्बांनी त्याचा हात धरला आणि त्याला वाळू, क्वार्ट्झ आणि केसापेक्षा पातळ थराची सगळी गोष्ट सांगितली. खांद्यावरचा गमछा मात्र त्यांनी जागचा हलवला नाही.