पंडिता रमाबाईंची धर्मजिज्ञासा

धर्मांतराचा अभ्यास करताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा दीक्षेच्या दिवसावर खिळलेली असते. त्यापूर्वीचे आयुष्य ही त्या दिवसाची तयारी आणि नंतरचे त्याचे फलित, अशी मांडणी मग आपोआपच होते. पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) बाबतीत ही मांडणी तोकडी पडते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ती धर्माविषयीचे त्यांचे अवघड प्रश्न त्यानंतरच उपस्थित झाले.

वेदान्ताच्या परिभाषेत मुमुक्षा ही जिज्ञासेच्या अधिकाराची एक अट मानली आहे. आधी मोक्षाची तळमळ, मग तत्त्वाचा शोध. रमाबाईंच्या ठिकाणी हा क्रम दिसत नाही. ख्रिस्ती धर्माकडून त्यांना आरंभी काहीच नको होते. 1878 मध्ये कलकत्त्यास एका ख्रिस्ती मेळाव्यात मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेली त्यांनी पाहिली, आणि हे लोक खुर्च्यांची पूजा करीत असावेत असे त्यांना वाटले. त्या वेळी भेट मिळालेले संस्कृत बायबल त्यांना रुचले नाही. त्यातील भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृत वाङ्मयाहून फारच निराळी होती. पुढे आसामात, पतिगृही, लूकचे बंगाली शुभवर्तमान हाती लागले, ते मात्र त्यांनी आवडीने वाचले. वाचनामागे कोणताही संकल्प नव्हता.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणासाठी. धर्मांतराचा विचार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वी सांगितले होते. ठरवून काढलेल्या या दोन्ही गोष्टींपैकी एकही टिकली नाही. बहिरेपणामुळे वैद्यकाचा मार्ग खुंटला. दुसरीकडे, लंडनजवळच्या फुलम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी भगिनी-संघाने चालविलेले कार्य त्यांच्या दृष्टीस पडले. अशा स्त्रियांविषयी करुणा बाळगण्याचे कारण काय, हे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. धर्मशास्त्रांचे पाठांतर लहानपणापासून झालेल्या विदुषीला सिद्धान्ताने नव्हे, तर एका आचाराने थांबविले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांतील त्यांचा पत्रव्यवहार, जो 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने ग्रंथरूपात आला, हे या विषयाचे सर्वांत मोलाचे साधन होय. त्रैक्याचा सिद्धान्त, अथेनेशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेला मतांगीकार, ख्रिस्ताचे कुमारीपासून जन्मणे, धर्मगुरूंचा अधिकार, यांपैकी काहीही त्यांनी केवळ सांगितले म्हणून स्वीकारले नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. एका पुरोहितवर्गाचे जू महत्प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिआ बील यांची दृष्टी वेगळी होती; त्या स्वतः संशयाच्या काळातून गेलेल्या असल्याने शंका दडपण्यापेक्षा तिचा विचार करावा, असे त्यांचे मत होते. दोघींचीही रमाबाईंवर माया होती. भेद होता तो अपेक्षेचा. जेराल्डिन यांच्यापुढे भारतीय स्त्रियांत धर्मप्रसार करणारी एक भावी कार्यकर्ती उभी होती, आणि ठरलेल्या साच्यात न बसणारे प्रत्येक वाक्य त्यांना त्या हेतूस बाधक वाटे.

ही जिज्ञासा रमाबाईंना सोपी गेली असे समजण्याचे कारण नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात, बाप्तिस्म्यानंतरच्या कित्येक वर्षांविषयी दिली आहे. पुण्यातील टीकाकारांनी धर्मांतरामागे स्वार्थ शोधला. स्वार्थ साधणारा मनुष्य आपल्या आश्रयदात्यांशी इतक्या विषयांवर वाद घालीत बसत नाही.

तथापि एक प्रश्न अवघडच राहतो. स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य रमाबाई आपल्या आश्रयाखालील मुलींना कितपत देऊ शकल्या? 1889 मध्ये मुंबईस स्थापन होऊन पुढल्या वर्षी पुण्यास आलेल्या शारदासदनात धर्मोपदेश करावयाचा नाही, असे ठरले होते. त्यांच्या खाजगी प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. 1893 मध्ये यावरूनच रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. उघड्या दारातून कुतूहलाने आत येणे आणि अन्न, वस्त्र व विद्या देणाऱ्या व्यक्तीच्या मागे जाणे, यांतील सीमा बारा-चौदा वर्षांच्या विधवेला कशी कळावी? मंडळाचा आक्षेप केवळ पूर्वग्रहातून आला असे म्हणता येत नाही. मुलींना दाराबाहेर घालविण्यास रमाबाईंनी दिलेला नकारही निखळ प्रचारबुद्धीचा म्हणता येत नाही. पुढे केडगावचे मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच वाढले.

त्यांच्या स्वतःच्या शोधास मात्र अखेरीस भाषेचे रूप आले. दुसऱ्यांच्या अनुवादावर विसंबू नये म्हणून उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून घेतल्या आणि सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यास घेतले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या तेव्हा ते काम पुरे झाले होते.