परमुलुखातला दंश आणि त्यावरचा इलाज

वसंत व्याख्यानमालेत कीटकदंशावर बोलायचे म्हटल्यावर काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. संत, साहित्य, स्वराज्य असे भारदस्त विषय सोडून हा मुंग्या-माश्यांचा विषय कशाला, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु आमचा रोजचा संबंध ज्या माणसांशी येतो ती उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला जंगलात शिरतात, मिरचीच्या हंगामात तेलंगणात जातात, आणि त्यांच्यातली काही तरणी पोरे आता आखातात, दुबई-सौदीपर्यंत पोहोचली आहेत. गोसीखुर्दच्या पाण्याने कुही तालुक्यातल्या ज्या गावांच्या जमिनी घेतल्या, तिथल्या घरांना तर परमुलूख काही नवा राहिलेला नाही. या माणसांचा आम्हांला विचारलेला प्रश्न असा : गावाकडे इतकी वर्षे मुंगी चावली, माशी डसली, काही झाले नाही, मग तिकडे गेल्यावर एवढ्याशा दंशाने अंग सुजून जीव घाबरा का होतो? आणि जिथे भाषा येत नाही, डॉक्टर ओळखीचा नाही, तिथे करायचे काय?

आम्ही काही वैद्यकीचे पंडित नव्हे. जे वाचले, डॉक्टर मंडळींना विचारून ताडून पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट ही की विष आणि वावडे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विंचू चावतो तेव्हा त्याचे विषच माणसाच्या हृदयावर घाला घालते. या दंशावर रायगड जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे कोकणातली कितीतरी लेकरे वाचली. आग्या मोहोळ उठून शेकडो माश्या डसल्या तर तेही विषाचेच काम. त्यात मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती असते, आणि तिथे वावडे असो नसो, इस्पितळ गाठलेच पाहिजे. पण एकच माशी किंवा एकच मुंगी डसली आणि माणूस कोसळला, तर दोष त्या थेंबभर विषाचा नसतो. शरीरानेच त्या थेंबाला मोठा शत्रू मानून जो गोंधळ घातलेला असतो, त्याने माणूस कोसळतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही अपघातानेच कळली. 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातल्या विषारी प्राण्यांचा अभ्यास करीत होते. पुढे परत आल्यावर त्यांनी कुत्र्यांना असे विष थोडे थोडे टोचून पाहिले. लस टोचली की रोगाला प्रतिकार येतो, तसा विषालाही येईल अशी त्यांची कल्पना. झाले उलटेच. पहिल्या मात्रेतून जगलेला, धडधाकट दिसणारा कुत्रा काही आठवड्यांनी पहिल्यापेक्षा थोड्या मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशेने 1902 मध्ये या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले आणि 1913 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने 1906 मध्ये काढला. आमच्या आयाबायांचा ‘वावडे’ हा शब्द आम्हांला त्याहून सरस वाटतो. पण ते असो.

रिशेच्या कुत्र्यात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. वावडे पहिल्या दंशाने दिसत नाही, पहिल्या दंशाने ते तयार होते. शरीर त्या विषाची खूण लक्षात ठेवून एक विशिष्ट प्रतिद्रव्य बनवते. 1966-67 च्या सुमारास ते ओळखले गेले आणि त्याला आयजीई म्हणतात. पुढे केव्हातरी तोच कीटक पुन्हा डसला की हे प्रतिद्रव्य शरीरातल्या काही पेशींना चेतवते, त्या पेशी हिस्टमीन व तत्सम द्रव्ये एकदम ओततात, रक्तवाहिन्या सैल पडतात, श्वासनलिका आवळते. ‘मला आजवर कधी काही झाले नाही’ हे वाक्य म्हणून फारसे धीराचे नाही.

उरलेले अर्धे उत्तर मुलूख बदलण्यात आहे. केनेथ मेलनबी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1946 साली डासांच्या चाव्याविषयी दाखवून दिले की एकाच जातीचे डास वरचेवर चावत राहिले की माणसाचे अंग पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. आरंभी काहीच उठत नाही. मग दुसऱ्या दिवशी गाठ येते. मग लगेचही येते आणि उशिराही. आणि सरतेशेवटी पुन्हा काहीच नाही. जुना रहिवासी या शेवटच्या पायरीवर असतो, नवा आलेला मधल्या. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांपैकी नव्याचेच हातपाय गांध्यांनी भरतात, ते यामुळे; त्याचे रक्त गोड असते म्हणून नव्हे. डासाढेकणांचे हे प्रकरण त्रासाचे असते, जिवावरचे क्वचितच.

जिवावरचे प्रकरण डंख मारणाऱ्यांचे : मधमाशी, गांधीलमाशी आणि काही मुंग्या. आखातात जाणाऱ्यांनी एक नाव ध्यानात ठेवावे, समसम मुंगी. मूळची आफ्रिकेची, काळपट, अर्ध्या बोटापेक्षाही बरीच लहान. संयुक्त अरब अमिरात व सौदी अरबस्तान या दोन्ही देशांत तिच्या डंखाने माणसे बेशुद्ध पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तिला ओलसर माती आवडते. वाळवंटात ओल कुठे? जिथे आमच्याच देशाचा माळी नळीने हिरवळीला पाणी घालतो तिथे. गालिचा धन्याचा आणि मुंगी चाकराची, अशी ही वाटणी आहे! अमेरिकेच्या दक्षिण भागात शिकायला वा नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांना अशीच दुसरी, अग्निमुंगी भेटते. तिच्या डंखावर दुसऱ्या दिवशी पुवाळल्यासारखा फोड येतो. तो फोडू नये. दक्षिण अमेरिकेतून ती 1930 च्या सुमारास तिथे आली, तीही परमुलुखातलीच म्हणायची.

आता इलाज. दंशाच्या जागी सूज, खाज, आग एवढेच असेल, मग ती सूज अख्ख्या हातावर का पसरेना, तर घाबरू नये. मधमाशीचा काटा अंगात राहतो. तो नखाने खरवडा की चिमटीने ओढा, पण ताबडतोब काढा. साबणाने धुवावे, गार पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. आपल्याकडे लोखंड घासतात, चुना लावतात. लोखंडाने नुकसान नाही, फायदाही नाही. चुन्याने मात्र कातडी भाजते. खाजेच्या गोळ्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो. पण फेनिरामीन, क्लोरफेनिरामीन या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते. परातीवर, क्रेनवर, यंत्रावर काम करणाऱ्याने ती घेऊन कामावर चढू नये, आणि मुकादमाने चढवू नये. सेटिरिझीनसारख्या नव्या गोळ्यांनी गुंगी कमी येते, मुळीच येत नाही असे नाही.

परंतु दंश पायाला आणि गांध्या सर्वांगाला, ओठ-जीभ सुजलेली, आवाज बसलेला, श्वास घरघरणारा, पोटात कळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, यांतले काही मिनिटांत दिसू लागले, तर गोळीच्या भरवशावर राहणे म्हणजे माणूस घालवणे. याला औषध एकच : ॲड्रेनलीन. जपानचे जोकिची ताकामिने यांनी 1901 मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे केले. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. उतार न पडल्यास पाच-एक मिनिटांनी पुन्हा. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते आणि आवळलेली श्वासनलिका मोकळी करते. काचकुपी स्वस्त असते, आणि महाग असते ती वेळ. हिस्टमीनविरोधी गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन नंतर द्यावे, त्याच्या जागी नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका बाईला परप्रांतात मिरची तोडताना गांधीलमाशी डसली. घशाशी आल्यासारखे होते म्हणाली. टोळीवाल्याने तिला उभी करून रस्त्यापर्यंत चालवत नेले, आणि ती वाटेतच पडली. हेतू वाईट नव्हता. पण अशा वेळी रक्त पायांत साचलेले असते; उभे केले की ते हृदयाकडे परत येत नाही. निजवावे, पाय उंच करावेत; दम लागत असेल तर टेकून बसवावे; चालवू नये. दवाखान्यातल्या परिचारिकेने सुई दिली म्हणून बाई आज मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडते आहे. सुईनंतर बरे वाटताच ती मुक्कामी यायला निघाली होती, तिला थांबवून घेतले ते योग्यच केले. काही तासांनी हा हल्ला उलटून येऊ शकतो.

ज्याला एकदा असे झाले त्याने तज्ज्ञाला दाखवावे. डसणाऱ्या कीटकाचेच विष कणाकणाने टोचून शरीराला सवय लावण्याचा उपचार आहे. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या बाबतीत त्याचा गुण 1978 मध्ये अमेरिकेत पद्धतशीर पडताळून पाहिला गेला. तीन ते पाच वर्षे तो घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही. स्वतः टोचून घेता येईल असे पेनासारखे ॲड्रेनलीनचे साधनही असते. परदेशी राहणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जवळ बाळगावे. रक्तदाबावरच्या बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे, कारण त्या असताना ॲड्रेनलीनचा गुण कमी येतो. गावाकडून औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. आखाती देशांत कोडीनसारख्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, आणि खोकल्याच्या बाटलीपायी चौकशीला तोंड देण्याची पाळी येते.

दंश कामावर झाला तर तो कामावरचा अपघात म्हणून मांडता येतो. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. पण तारीख, जागा, साक्षीदार आणि दवाखान्याचा कागद यांची गरज तेव्हा होती तशीच आजही आहे.

आम्ही आमच्या सभासदांना निघण्यापूर्वी पत्त्याएवढा एक पुठ्ठा खिशात ठेवायला सांगतो. त्यावर नाव, कशाचे वावडे, चालू असलेली औषधे, आणि ‘ॲड्रेनलीन द्या’ एवढा मजकूर, इंग्रजीत आणि जिथे जायचे तिथल्या लिपीत : तेलंगणात तेलुगू, आखातात अरबी. मागल्या बाजूला रुग्णवाहिकेचा क्रमांक : महाराष्ट्रात आणि तेलंगणात 108, अमिरातीत 998, सौदीत 997. आणि तो पुठ्ठा आपल्या खिशात आहे हे शेजारच्या खाटेवर निजणाऱ्या माणसाला पहिल्याच रात्री सांगून ठेवायचे.