बाजार कोसळला, बँक अडकली तर? घरच्या पैशाचाही बॅकअप ठेवा

३ जून २०२४ ला, एक्झिट पोलनंतरच्या पहिल्याच दिवशी, सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल अंदाजापेक्षा वेगळे लागायला लागले आणि तोच सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली आला. एका दिवसात ५.७४ टक्के! आणि ७ जूनला? ७६,६९३ वर बंद, म्हणजे ३ जूनच्याही वर. ४ तारखेला घाबरून ज्यांनी विकलं त्यांचा तोटा पक्का झाला. ज्यांनी ॲप उघडलंच नाही, त्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. त्यामुळे कोणता शेअर घ्यावा हे इथे मिळणार नाही. पण आमच्या कामातली एक सवय इथे उपयोगी पडते. सर्व्हर कधी बंद पडेल याचं भाकीत आम्ही करत बसत नाही. बंद पडला तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवतो. निवडणूक, युद्ध, मंदी, बँकेवरचे निर्बंध यांचंही तसंच आहे.

दरवेळी तीन दिवसांत सावरत नाही

२३ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या तोंडावर, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त पडला. जानेवारीत ४२ हजारांच्या वर गेलेला निर्देशांक २६ हजारांच्या खाली आला. तो पुन्हा ४२ हजारांवर यायला नोव्हेंबर उजाडला. ज्याला एप्रिलमध्ये घरभाडं किंवा दवाखान्याचं बिल भरायचं होतं, त्याला 'थांबा, बाजार सावरेल' सांगून काय उपयोग?

म्हणून पहिला नियम: पुढच्या सहा महिन्यांचा घरखर्च बाजारात ठेवायचा नाही. तो बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा एफडीत हवा. हा पैसा बाजूला असेल तरच पडलेल्या बाजारात एसआयपी चालू ठेवायची हिंमत राहते.

बरं, बँकेत तरी सुरक्षित का?

बहुतेक वेळा हो, पण मर्यादेत. बँक बुडाली तर डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या कंपनीकडून विमा मिळतो. एका खातेदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत. त्याच बँकेच्या तीन शाखांत तीन खाती असली तरी ५ लाखच. दोन वेगळ्या बँका असतील तर प्रत्येकी ५ लाख.

ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. २०२१ च्या कायदाबदलानंतर निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली. पण ९० दिवस म्हणजे तीन महिने. म्हणूनच सगळा घरखर्च एकाच बँकेत नको.

आपल्याकडची खास गोष्ट: पतसंस्था. गावात, चाळीत, सोसायटीत ओळखीच्या माणसाची पतसंस्था असते आणि एक-दोन टक्के व्याज जास्त मिळतं. पण पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. सहकारी बँक वेगळी, पतसंस्था वेगळी. आजी-आजोबांची ठेव नक्की कुठे आहे, हे पासबुकावरचं पूर्ण नाव वाचून बघा आणि ते नाव डीआयसीजीसीच्या वेबसाइटवरच्या यादीत शोधा.

ॲप म्हणजे पैसा नव्हे

५ मार्च २०२० च्या रात्री येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे बंद पडलं. ज्यांचं येस बँकेत खातंच नव्हतं, त्यांचंही. कारण यूपीआय ॲप स्वतः बँक नसतं, त्याला मागे एखादी भागीदार बँक लागते आणि फोनपेची ती बँक येस होती. साधारण एका दिवसात दुसऱ्या बँकेमार्फत सेवा सुरू झाली. लोकांचे पैसे आपापल्या बँकेत सुरक्षित होते, अडला होता तो फक्त रस्ता.

यावरून दोन कामं. फोनमध्ये दोन वेगळी यूपीआय ॲप ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या बँक खात्यांना जोडलेली. आणि थोडी रोकड घरात असू द्या.

शेअरचंही असंच आहे. ब्रोकरचं ॲप हे फक्त दुकान. तुमचे शेअर सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावाच्या डिमॅट खात्यात असतात. म्युच्युअल फंडाच्या युनिटची नोंद फंड कंपनीकडे असते. उद्या ॲप बंद झालं तरी ही नोंद राहते. ती बघायला एकत्रित खातेपत्रक, म्हणजे 'कॅस', पॅनवर मागवता येतं. ते ईमेलवर येतं. त्याची पीडीएफ जपून ठेवा.

डिजिटल गोल्डचं मात्र तसं नाही. ते आपल्या नियमनाखाली येत नाही, असं सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

सगळं एकाच फोनवर?

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच आहे. आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. बाबांच्या फोनवर बँक, फंड, विमा, सगळ्यांचे ओटीपी. बाबा आयसीयूत असतील तर आईला किती खाती आहेत हेही माहीत नसतं. बाजार दहा टक्के पडला तर दहा टक्केच जातात. माहितीच नसलेल्या एफडीवर मात्र घरच्यांना पूर्णच पाणी सोडावं लागू शकतं. असे बेवारस पैसे इतके साठले की रिझर्व्ह बँकेला २०२३ मध्ये ते शोधण्यासाठी 'उद्गम' पोर्टल काढावं लागलं.

या रविवारी घरच्यांबरोबर बसून एवढं करा:

१. एका कागदावर यादी करा: बँक, शाखा, एफडी, फंड, डिमॅट, विमा, पोस्ट, पतसंस्था, कर्ज. पिन आणि पासवर्ड लिहू नका, फक्त काय कुठे आहे ते लिहा. कागद कुठे ठेवलाय हे दोघांना तरी माहीत हवं.

२. प्रत्येक ठिकाणी नॉमिनी तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. लग्नाआधी काढलेल्या खात्यांवर जुनीच नावं असतात, ती बघा.

३. घरखर्चाचं एक खातं आई-बाबांच्या संयुक्त नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने ठेवा. मग एक अडकला तरी दुसरा पैसे काढू शकतो.

४. मृत्युपत्राचा विषय काढा. अवघड वाटतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं: नॉमिनीच्या हातात पैसे येतात, हक्क वारसांचा राहतो. भावंडांतली भांडणं बऱ्याचदा इथूनच सुरू होतात.

५. बँकेला जोडलेला नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो.

आई-बाबांना हे एकदम सगळं सांगू नका, 'आमच्या पैशावर डोळा आहे का' असं वाटेल. आधी स्वतःच्या खात्यांची यादी करून त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "मला काही झालं तर तुम्हाला एवढं पुरेल ना?" बहुतेक घरांत पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.