बिशप हेबर यांनी पाहिलेली सुरत

सुरतेत तापीच्या काठी १८२० साली उभारलेले इंग्रजी चर्च उपासनेसाठी विधिपूर्वक समर्पित करण्याचा संस्कार १८२५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या हस्ते पार पडला. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चच्या परंपरेत बिशप हा एका धर्मप्रांताचा प्रमुख असतो आणि पुरोहितांना दीक्षा देण्याचा अधिकार त्याच्याकडेच असतो. हेबर यांचा धर्मप्रांत इतका विस्तीर्ण होता, की मुंबई, मद्रास आणि सिलोनही त्यातच मोडत असे.

हेबर यांचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजी इंग्लंडमधील मॅल्पस या गावी झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १८०३ साली त्यांच्या ‘पॅलेस्टाइन’ या काव्याला पारितोषिक मिळाले आणि पुढे ते ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, म्हणजे कॉलेजच्या विद्वन्मंडळाचे सदस्य झाले. हॉडनेट येथे धर्मगुरू म्हणून काम करतानाही त्यांचा व्यासंग सुटला नाही. १८१५ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची प्रतिष्ठेची बॅम्प्टन व्याख्याने दिली आणि १८२२ मध्ये जेरेमी टेलर या सतराव्या शतकातील धर्मपंडिताचे समग्र साहित्य संपादित केले.

मात्र ग्रंथांतून घडलेल्या दृष्टीला मर्यादा असतात, हे त्यांच्याच लेखनातून दिसते. भारताचे दर्शन होण्यापूर्वी, १८१९ साली, मिशनकार्यासाठी रचलेल्या एका स्तोत्रात त्यांनी पूर्वेकडील लोकांना हीन लेखले होते आणि शंभरेक वर्षांनी महात्मा गांधींनी त्यावर उघड आक्षेप घेतला. १८२३ मध्ये बिशपपदी नियुक्ती झाल्यावर मात्र हेबर प्रत्यक्ष देश पाहू लागले. जून १८२४ मध्ये कलकत्त्याहून निघून गंगेतून नावेने आणि नंतर खुष्कीच्या मार्गाने ते अलमोडा, दिल्ली, जयपूर, बडोदा असा प्रवास करीत गुजरातेत आले. नडियाद येथे मार्च १८२५ मध्ये त्यांची स्वामीनारायण संप्रदायाचे संस्थापक सहजानंद स्वामी यांच्याशी भेट झाली, तेव्हा दोघांबरोबरही सशस्त्र घोडेस्वार होते; दोन धर्मोपदेशकांनी असे फौजफाट्यानिशी भेटावे, याची खंत त्यांनी नोंदवून ठेवली.

सुरतेविषयीची त्यांची नोंद आजही वाचण्याजोगी आहे. अरुंद, वळणावळणाचे रस्ते आणि लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेली, वरचे मजले पुढे झुकलेली उंच घरे यांचे वर्णन करून ते व्यापाराकडे वळतात. एकेकाळी जगभर माल पाठवणाऱ्या या बंदरातून आता मुख्यतः कच्चा कापूसच मुंबईस जातो, किनखाब आणि शाली सोडल्यास देशी मालाला स्वस्त इंग्रजी माल बाजारातून हुसकावून लावतो आणि त्यामुळे स्थानिक व्यापारी खालावले आहेत, असे त्यांनी लिहिले. ज्या राज्यकर्त्यांचे ते धर्मगुरू होते, त्यांच्याच व्यापाराचा हा परिणाम होता आणि तो त्यांनी झाकला नाही. आजच्या सुरतेतील पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगाई-छपाईच्या कामावर पोट भरणाऱ्या मराठी कुटुंबांना ही नोंद परकी वाटू नये, कारण कापडावर या शहराची भरभराट किती अवलंबून आहे, हे त्यांना रोजच्या पगारातून कळते.

मुंबईस पोहोचल्यावर हेबर यांनी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांची भेट घेतली आणि पुढे घाट चढून ते पुण्यासही जाऊन आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जमीनमहसुलाचा भार शेतकऱ्याला वर येऊ देत नाही, असे त्यांनी १८२६ मध्ये पत्रातून स्पष्टपणे मांडले आणि हे मत पुढे अर्थेतिहासकार रमेशचंद्र दत्त यांनी आधार म्हणून वापरले. त्याच वर्षी ३ एप्रिलला त्रिचनापल्ली येथे, सकाळच्या धर्मकार्यानंतर स्नानकुंडात उतरले असताना, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. पत्नी अमेलिया यांनी त्यांची प्रवासवर्णने १८२८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे त्यांचा विस्तीर्ण धर्मप्रांत विभागला जाऊन १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला.

हेबर साम्राज्याचे टीकाकार नव्हते आणि धर्मप्रसाराचा आग्रहही त्यांनी सोडला नाही. तरीही डोळ्यांसमोरचे वास्तव आपल्या समजुतींना आणि आपल्याच लोकांच्या हिताला छेद देत असताना त्यांनी ते लिहून ठेवले, आणि म्हणूनच सुरतेच्या पडत्या काळाची ही साक्ष विश्वासार्ह ठरते.